चुन्याची डबी

अभियांत्रिकीच्या तृतीय वर्षात असताना प्रथम वर्षाच्या ‘डिझाइन थिंकिंग’ या विषयासाठी विद्यार्थी-मार्गदर्शक म्हणून माझी नेमणूक झाली, तेव्हा पाच मुले, एक हजेरीपत्रक आणि चिकटणाऱ्या रंगीत चिठ्ठ्यांचे चार गठ्ठे एवढा सरंजाम माझ्या स्वाधीन करण्यात आला. आणि आपणांस जे ठाऊक आहे ते या मुलांना सांगून मोकळे व्हावयाचे, एवढीच आपली कामगिरी, अशी माझी समजूत होती. स्टॅनफर्डच्या हासो प्लॅटनर डिझाइन संस्थेने जगभर रूढ केलेल्या समानुभूती, समस्येची व्याख्या, कल्पना, नमुना आणि चाचणी या पाच पायऱ्या मला तोंडपाठ होत्या.

वृद्धांची औषधे वेळेवर कशी घेतली जातील, हा माझ्या गटाचा विषय. पहिल्याच बैठकीत मी बोलून गेलो, की गजर देणारे मोबाइल ॲप करावे. आठवड्याने मुलांनी दहा वृद्धांच्या जबान्या घेऊन माझीच कल्पना ‘निष्कर्ष’ म्हणून मजपुढे रुजू केली. ‘असे ॲप वापराल का?’ या प्रश्नाला दहाही जणांनी होकार दिला होता. आणि नातवंडांच्या वयाची मुले दारी येऊन कौतुकाने विचारू लागली, तर नकार देणारा वृद्ध आपल्याकडे सापडावा तरी कोठे?

माझी कैफियत ऐकून आमच्या प्राध्यापकांनी चार्ल्स आणि रे ईम्स या दांपत्याने 1958 मध्ये भारत सरकारला सादर केलेला अहवाल माझ्या हाती ठेवला. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था 1961 मध्ये ज्या विचारातून उभी राहिली, तो हाच अहवाल. आपल्या साध्या लोट्याची त्यात मनापासून स्तुती आहे; परंतु मला नवल वाटले ते असे, की पाणी किती मावावे, तो डोक्यावर न्यावा, कमरेवर की हातात, ओतताना तोल कसा राहावा, असे त्या लोट्याभोवतीचे प्रश्नच तेथे एकामागून एक मांडले आहेत.

त्यानंतर ‘वापराल का’ हा प्रश्न आम्ही बाद केला आणि ‘काल गोळी कशी घेतलीत, ते दाखवा’ अशी विनंती करू लागलो. एका आजींनी सकाळच्या गोळ्या देव्हाऱ्यापाशी कुंकवाच्या रिकाम्या करंड्यात ठेवल्या होत्या आणि रात्रीच्या उशाशी, चुन्याच्या डबीत. ‘पूजा झाली की ही, पाठ टेकायच्या आधी ती,’ त्या म्हणाल्या. ‘पण दुकानदाराने कंपनी बदलली की गोळीचा रंग बदलतो, आणि मग कोणती कशात भरायची तेच कळत नाही बाई.’ त्या क्षणी सारे प्रकरण मला उमगले, आणि ते बोलून दाखविण्याची ऊर्मी इतकी अनावर झाली, की पुढ्यातला चहा मी तसाच कढत घशाखाली उतरवला. परतीच्या वाटेवर बराच वेळ कोणी बोलेना. अखेर गटातली सर्वांत अबोल मुलगी म्हणाली, ‘दादा, आजी विसरत नाहीत. त्यांना गोळी ओळखता येत नाही.’

एका आठवड्याच्या मुदतीत दोन काडेपेट्यांचा नमुना तयार झाला. पाकीट घरी आले की त्यावरील नाव वाचून घरातल्या कोणीतरी गोळ्या त्यांत भरावयाच्या, आणि रात्रीची पेटी अंधारातही बोटांना कळावी म्हणून तिला सुताराचा खरकागद डकवलेला, अशी ही तजवीज होती. चाचणीसाठी आत लिमलेटच्या गोळ्या घातल्या होत्या. आजींनी पेटी हाती घेतली, खरकागदावरून अंगठा फिरवून मान डोलावली, आणि भलत्याच बाजूने ढकलली. गोळ्या घरभर झाल्या. मुले पलंगाखाली शिरली असता आजी हसत म्हणाल्या, ‘अरे, एक बाजू बंद करा की. आणि जमलं तर डबीच गोल करा. माझ्या बोटांना गोलाची सवय आहे.’

गोळ्या वेचून उठलेल्या मुलांनी सवयीने माझ्याकडे पाहून विचारले, ‘दादा, आता?’ या खेपेस मात्र उत्तर गिळण्याचे कष्ट मला पडले नाहीत. कारण माझ्यापाशी ते नव्हतेच.