ऑफ-रोड बाइक घेताय? टोकन देण्याआधी हे वाचा

पावसाळा ओसरला की मोबाइलवर ठरावीक व्हिडिओ सुरू होतात. चिखल उडवत नदी ओलांडणारी उंच बाइक, मागे डोंगर, सोबत जोरदार संगीत. मग घरात विषय निघतो, ''आई, मला अशी बाइक घ्यायची आहे.'' कधी हा हट्ट कॉलेज संपवून नोकरीला लागलेल्या मुलाचा असतो, कधी मुलीचा, तर कधी पन्नाशीत लडाखची स्वप्ने पाहणाऱ्या बाबांचा. हौस करण्यात गैर काहीच नाही. पण ही बाइक दीड-दोन लाखांपासून पुढे जाते, नेहमीच्या बाइकपेक्षा उंच असते आणि शोरूममधल्या गुळगुळीत फरशीवर तिचा खरा स्वभाव कळत नाही. म्हणून टोकन देण्याआधी या गोष्टी घरच्यांसोबत बसून नीट पाहून घ्या.

खरी गरज कोणती?

सर्वात आधी स्वतःला एक प्रश्न विचारा. महिन्यातले किती दिवस तुम्ही डांबरी रस्ता सोडून चालवणार आहात? या नावाखाली बाजारात तीन वेगवेगळ्या प्रकारच्या गाड्या विकल्या जातात.

पहिला प्रकार लांबच्या प्रवासाच्या गाड्यांचा. सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्ससारख्या बाइकला पुढे १९ इंची चाक, अलॉय रिम आणि ट्यूबलेस टायर असतात. महामार्ग आणि खराब रस्ता दोन्ही ती आरामात काढते, पण मोठ्या दगडगोट्यांसाठी ती बनलेली नाही.

दुसरा प्रकार दोन्हीकडे चालणाऱ्या गाड्यांचा. हीरो एक्सपल्स आणि रॉयल एनफील्ड हिमालयन यात येतात. पुढे २१ इंची चाक, तारांचे म्हणजे स्पोकचे रिम आणि लांब सस्पेन्शन ही यांची ओळख. मोठे चाक खड्ड्यावरून आणि दगडावरून सहज चढते. स्पोकचे रिम आदळल्यावर थोडे लवचीक राहते आणि वाकले तरी सरळ करून घेता येते. मात्र अशा बऱ्याच गाड्यांच्या टायरात ट्यूब असते. घाटात पंक्चर झाले तर चाक काढावे लागते, हे लक्षात ठेवा.

तिसरा प्रकार शुद्ध डर्ट बाइकचा. कावासाकीच्या केएक्स मालिकेतल्या गाड्या फक्त बंदिस्त ट्रॅकसाठी असतात. त्यांना नंबर मिळत नाही आणि त्या रस्त्यावर आणता येत नाहीत. त्याच कंपनीची केएलएक्स २३० मात्र रस्त्यावर चालवता येते. दोन्ही नावे सारखीच वाटतात, म्हणून डीलरला पहिलाच प्रश्न विचारा, ''याचे आरटीओ पासिंग होते ना?''

रोज ऑफिसला जाणे आणि वर्षातून दोनदा लांबची सहल एवढाच वापर असेल, तर पहिला प्रकार पुरेसा आहे. दर रविवारी मातीत उतरायचे असेल, तरच दुसऱ्या प्रकाराची उंची आणि खर्च सार्थकी लागतो.

उंची आणि वजन : इथेच जास्त फसगत होते

रस्त्यावर बाइकची ताकद महत्त्वाची वाटते. मातीत मात्र पाय टेकणे आणि तोल सांभाळणे त्याहून महत्त्वाचे ठरते. घरी पाच मिनिटांत एक माप घ्या. बूट घालून भिंतीला टेकून उभे राहा. दोन्ही पायांमध्ये एक पुस्तक आडवे धरून वर चढवा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजा. ही तुमच्या पायांची लांबी. आता सीटची उंची पाहा : हिमालयन ४५० मध्ये सीट ८२५ मिमीपर्यंत खाली घेता येते, एक्सपल्स २१० ची ८३० मिमी, व्ही-स्ट्रॉम एसएक्सची ८३५ मिमी, तर केएलएक्स २३० ची ८८० मिमी आहे.

माप सीटपेक्षा थोडे कमी भरले, तर घाबरू नका. बसल्यावर सस्पेन्शन दबते आणि गाडी थोडी खाली येते. दोन्ही पायांचे चवडे किंवा एक पाय पूर्ण टेकला तरी पुष्कळ आहे. उलट सीट रुंद असेल, तर आकडा कमी असूनही पाय पोहोचत नाहीत. त्यामुळे माहितीपत्रकावर विसंबून न राहता प्रत्यक्ष बसून पाहा.

वजनाचाही विचार करा. केएलएक्स २३० सुमारे १३९ किलोची, एक्सपल्स २१० सुमारे १६८ किलोची, तर हिमालयन ४५० तब्बल १९६ किलोची आहे. मातीत गाडी पडणारच, त्यात कमीपणा नाही. प्रश्न असा, की आजूबाजूला कोणी नसताना तुम्ही ती एकट्याने उभी करू शकाल का? नवशिक्यांसाठी आणि हलक्या अंगाच्या चालकांसाठी कमी वजनाची गाडी नेहमीच चांगली. जड गाडी महामार्गावर स्थिर वाटते, पण ओल्या लाल मातीच्या चढणीवर तीच घाम काढते.

मुलींसाठी 'छोटी बघा' असा सल्ला शोरूममध्ये सर्रास मिळतो. तिकडे लक्ष देऊ नका. बेंगळुरूच्या ऐश्वर्या पिसे यांनी २०१९ मध्ये एफआयएम बाजा विश्वचषकात महिला गटाचे जगज्जेतेपद मिळवले आहे. गाडी निवडताना माप चालकाच्या पायांचे घ्यायचे असते.

टेस्ट राइड अशी घ्या

शोरूमभोवती एक फेरी मारून परत येणे ही टेस्ट राइड नव्हे. निदान अर्धा तास मागा आणि वाटेत एखादा कच्चा रस्ता किंवा गतिरोधकांची गल्ली निवडा. पुढील गोष्टी तपासा.

- फूटरेस्टवर उभे राहून चालवा. हँडलसाठी फार वाकावे लागते का? मातीत बराच वेळ उभ्याने चालवावे लागते.

- पहिल्या गिअरमध्ये अगदी सावकाश चालवा. इंजिन धक्के देत बंद पडत असेल, तर दगडांत त्रास होईल.

- रहदारीत इंजिनाची उष्णता पायांना लागते का, ते पाहा.

- एबीएसचे मोड विचारा. सैल मातीवर मागचे चाक थोडे घसरू देणे सोयीचे असते, म्हणून अनेक गाड्यांत मागचा एबीएस बंद करण्याची सोय असते. डांबरी रस्त्यावर मात्र तो चालूच हवा.

- घरातले कोणी मागे बसणार असेल, तर त्यांनाही सोबत न्या. उंच सीटवर चढणे आणि साडी किंवा ओढणी सांभाळून बसणे जमते का, हे त्यांनाच ठरवू द्या.

मातीत चालवण्याचा अनुभव नसेल, तर आधी एखाद्या प्रशिक्षण शिबिरात एक-दोन दिवस घालवा. २०१५ मध्ये डकार रॅलीत उतरलेले पहिले भारतीय सी. एस. संतोष यांनी बेंगळुरूजवळ बिगरॉक डर्टपार्क हे प्रशिक्षण केंद्र उभारले. तुमच्या शहराजवळ अशी सोय आहे का, ते शोधा. तिथल्या भाड्याच्या गाडीवर पडून झडून कळते, की ही हौस खरोखर आपली आहे की फक्त व्हिडिओतली.

किंमत : कागदावर मागून घ्या

जाहिरातीतली किंमत एक्स-शोरूम असते. तुमच्या खिशातून ऑन-रोड किंमत जाते. कोटेशन लेखी घ्या आणि प्रत्येक ओळीचा अर्थ विचारा.

जीएसटी : २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या बाइकवर १८ टक्के आणि त्यावरील बाइकवर ४० टक्के कर आहे. कराआधी २ लाखांची गाडी पहिल्या गटात २ लाख ३६ हजारांना पडते, तर दुसऱ्या गटात २ लाख ८० हजारांना. हिमालयन ४५० दुसऱ्या गटात येते, एक्सपल्स पहिल्या. तुलना करताना हा फरक ध्यानात ठेवा.

रोड टॅक्स : हा राज्यागणिक बदलतो. नोकरीनिमित्त इंदूर, हैदराबाद, बेंगळुरू असे फिरावे लागत असेल, तर जास्त विचार करा. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ गाडी ठेवली, तर तिथला नंबर घ्यावा लागतो. सरकारी नोकरीत किंवा चार अथवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपनीत असाल, तर बीएच मालिकेच्या नंबरची चौकशी करा. त्यात टॅक्स दोन-दोन वर्षांचा भरता येतो आणि बदली झाल्यावर नवा नंबर घ्यावा लागत नाही.

विमा : नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा एका वर्षाचा घेता येतो. तो डीलरकडूनच घेतला पाहिजे असे बंधन नाही, म्हणून बाहेरचे दरही काढा. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा पाहा. तो आधीच असेल, तर पुन्हा पैसे भरायची गरज नाही. मातीत पडझड होणारच असल्याने झीरो डेप्रिसिएशनचे कवच उपयोगी पडते.

हँडलिंग चार्ज आणि ऍक्सेसरीज : 'हँडलिंग' नावाचे कोणतेही सरकारी शुल्क नाही. ते काढायला सांगा. ऍक्सेसरीजचे पॅकेज घेतल्याशिवाय गाडी मिळणार नाही असे कोणी म्हटले, तर दुसरे शोरूम गाठा. इंजिनाखालची बॅशप्लेट आणि हातांचे नकल गार्ड मात्र खरोखर कामाचे आहेत. ते गाडीसोबत येतात का, आधी पाहा. आयएसआय हेल्मेट नियमाप्रमाणे गाडीसोबत मिळायला हवे, ते मागून घ्या.

हप्त्याचे गणित

''फक्त ११ टक्के'' असे ऐकले, की लगेच विचारा, ''फ्लॅट की रिड्यूसिंग?'' समजा २ लाखांचे कर्ज तीन वर्षांसाठी घेतले. रिड्यूसिंग पद्धतीत हप्ता सुमारे ६,५५० रुपये येतो आणि एकूण व्याज सुमारे ३५,७०० रुपये होते. फ्लॅट पद्धतीत व्याज थेट ६६,००० रुपये आणि हप्ता सुमारे ७,३९० रुपये. दर एकच, पण ३० हजारांचा फरक! त्या पैशांत बूट, गुडघ्यांचे संरक्षक आणि चांगले जॅकेट येऊ शकते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कर्ज देणाऱ्याने सर्व खर्च धरून वार्षिक दर सांगणारे मुख्य तथ्य विवरणपत्र द्यायचे असते. ते वाचल्याशिवाय सही करू नका.

बजेट आखताना संरक्षक साहित्य गाडीच्या किमतीतच धरा. घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट, गुडघे व कोपरांचे संरक्षक, हातमोजे, पाठीला आधार देणारे जॅकेट आणि आयएसआय शिक्क्याचे हेल्मेट. एवढे बसत नसेल, तर एक पायरी स्वस्त गाडी घ्या, पण साहित्यात काटकसर करू नका. घरच्यांचा विरोध बहुतेकदा गाडीला नसतो, भीतीला असतो. हे साहित्य समोर ठेवून बोललात, तर निम्मी चर्चा तिथेच संपते.

गाडी ताब्यात घेताना

नंबर किंवा तात्पुरती नोंदणी झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका. डिलिव्हरी दिवसाउजेडी घ्या. चासिस आणि इंजिन क्रमांक कागदांशी जुळवा. उत्पादनाचा महिना पाहा, कारण पुढे विकताना वय तिथून मोजले जाते. स्पोक सैल नाहीत ना, पुढच्या फोर्कवर तेलाचा ओघळ नाही ना, टायरांवर तडे नाहीत ना, सर्व दिवे आणि दोन्ही ब्रेक चालतात ना, हे स्वतः तपासा. दोन्ही चाव्या, वॉरंटी पुस्तिका, विम्याची प्रत आणि प्रत्येक पावती घ्या. शर्यतीत वापरलेल्या गाडीची वॉरंटी बहुधा लागू होत नाही, ते कलम वाचा. कंपनीचा नसलेला सायलेन्सर लगेच बसवू नका. दंड होऊ शकतो आणि वॉरंटीवरही प्रश्न येतो.

सर्व्हिस सेंटर घरापासून किती लांब आहे आणि क्लच लिव्हर, ब्रेक लिव्हरसारखे पडल्यावर तुटणारे भाग शिलकीत असतात का, हेही विचारा. डीलरने पैसे घेऊन शब्द फिरवला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

चालवायची कुठे?

ऑफ-रोड म्हणजे कुठेही नव्हे. अभयारण्यात परवानगीशिवाय जाता येत नाही. गोव्यात समुद्रकिनाऱ्यावर गाडी चालवणे गुन्हा आहे. सह्याद्रीतल्या सड्यांवर, कासच्या पठारासारख्या जागी एका चाकाच्या खुणेने कित्येक वर्षांची फुले जातात. शेताच्या बांधावरून जाण्याआधी मालकाला विचारा.

आणि घरातल्या अठरा वर्षांखालील मुलाच्या हाती 'फक्त गल्लीत' म्हणून चावी देऊ नका. अल्पवयीन मुलाने रस्त्यावर गाडी चालवून गुन्हा केल्यास पालकांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. त्याला खरोखर आवड असेल, तर बंदिस्त ट्रॅकवर प्रशिक्षकासमोर शिकू द्या.

पहिले काही महिने एकट्याने मातीत उतरू नका. किमान एक जोडीदार सोबत ठेवा, घरी ठिकाण आणि परतण्याची वेळ सांगून निघा. ट्यूब काढण्याचे हत्यार, छोटा पंप आणि प्रथमोपचाराची पेटी बॅगेत असू द्या. मग ही बाइक घरच्यांच्या काळजीचा विषय न राहता, सुट्टीच्या दिवशी 'आज कुठे जायचे?' असे सगळ्यांनी मिळून विचारण्याचे निमित्त होईल.