ध्रुवावरचा ओझोन दुरून कसा मोजतात?

पाटणजवळ केरा नदी कोयनेला मिळते. पावसाळ्यात तिथले पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उजेडासमोर धरा. पाणी जितके गढूळ, तितका पलीकडचा उजेड कमी येईल. गाळाला हात न लावता त्याचा अंदाज आला! दूरसंवेदनाचे तत्त्व हेच.

अंटार्क्टिकावरील हवेतला ओझोन असाच मोजतात. हा वायू सूर्याचे अतिनील किरण शोषतो. पण काही तरंगलांबींचे खूप, तर काहींचे थोडे. हवेतून परत फिरलेल्या अशा दोन किरणांची तीव्रता उपग्रहावरील उपकरण मोजते. त्यांची तुलना केली की ओझोन किती, ते समजते. डोक्यावरचा सारा ओझोन ०° सेल्सिअस तापमानाला, जमिनीलगतच्या हवेच्या दाबाखाली आणला, तर त्याचा थर जेमतेम ३ मिलिमीटर भरेल. यालाच ३०० डॉबसन एकके म्हणतात.

१९८५ साली फार्मन, गार्डिनर व शँकलिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकातील हॅली तळावरील नोंदी प्रसिद्ध केल्या. तेथे ऑक्टोबरातला ओझोन सुमारे २०० एककांपर्यंत घसरला होता. १९७८ साली सोडलेल्या निम्बस-७ उपग्रहानेही ही घट टिपली होती; पण आकडे इतके कमी होते की त्यांवर संशयास्पद अशी खूण झाली होती. फेरतपासणीत ते खरे ठरले.

ओझोन गेला कुठे? पूर्वी शीतकपाटांत व फवाऱ्याच्या डब्यांत वापरले जाणारे क्लोरोफ्लुओरोकार्बन वायू वाऱ्यांबरोबर दूरवर पसरले. ध्रुवावरील हिवाळ्यात फार उंचावर बर्फाळ ढग बनतात. त्यांच्या पृष्ठभागावर क्लोरीन मोकळा होण्याची तयारी होते आणि वसंतात सूर्य उगवताच तो ओझोनचे रेणू मोडू लागतो.

मात्र सूर्यप्रकाशावर चालणारे उपकरण सहा महिन्यांच्या ध्रुवीय रात्री आंधळे होते. तेव्हा फुग्याला बांधलेले ओझोनमापक वर सोडतात. असे भारतीय उपकरण १९६० नंतरच्या दशकात पुण्याच्या हवामान खात्यात अ‍ॅना मणी यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाले. पुढे अंटार्क्टिकातील भारतीय तळावरूनही असे फुगे सोडले गेले.

१९८७ च्या माँट्रियल कराराने या घातक वायूंचे उत्पादन टप्प्याटप्प्याने थांबवले. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय आढाव्यानुसार, करार पाळला गेल्यास अंटार्क्टिकावरचा ओझोन २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल. त्या वर्षी तुमचे वय किती असेल? हिशेब करून पाहा.