आर्देशच्या दरींतील सहल

फ्रान्सच्या दक्षिणेकडील डोंगराळ मुलखांतून आर्देश नांवाची नदी सुमारें १२५ किलोमीटर वाहत जाऊन रोन नदीस मिळते. वाटेंत पाण्यानेंच कोरलेली, सुमारें ५४ मीटर उंचीची चुनखडीची कमान आहे. तेथून पुढें जवळजवळ ३० किलोमीटर नदी उभ्या कड्यांमधून जाते. हौशी मंडळी एके दिवशीं कड्यावरील रस्त्यानें सायकलींवर फिरतात व दुसरे दिवशीं तीच दरी कनूनें, म्हणजे दोघांनीं वल्हविण्याच्या अरुंद होडीनें, उतरतात. आम्हां मास्तरांस सायकल शाळेपुरतीच ठाऊक!

चढावर मागें पडलेल्यासाठीं थांबतां येतें. दरींत तसें नाहीं. प्रवाह होडीस पुढेंच नेतो, आणि बाहेर पडण्याच्या वाटा थोड्या. म्हणून एक जाणता गडी सर्वांपुढें व दुसरा सर्वांमागें ठेवतात. १९८० पासून ही दरी राखीव आहे. रात्रीचा मुक्काम नेमलेल्या जागींच करावा लागतो.

खरें भय मात्र वरच्या पावसाचें. मोसमी वारा आपल्या सह्याद्रीवर चढतो, तशी शरदांत भूमध्य समुद्रावरील दमट हवा सेवेन डोंगरांवर चढते. तेथें कोसळलेलें पाणी कांहीं तासांतच दरींत येतें. तेव्हां खालीं स्वच्छ ऊनहि असूं शकतें. सप्टेंबर १८९० च्या पुरानें अनेक पूल वाहून नेले. यास्तव निघण्यापूर्वीं नायक डोक्यावरचें आभाळ नव्हे, तर नदीची पातळी विचारतो. ती ठरीव खुणेवर गेली कीं होड्यांस बंदी होते. मग होड्या कांठावर राहतात, आणि मंडळी पुन्हां सायकली काढतात.