विवेकनिष्ठ निवडीचा सिद्धान्त : व्याप्ती आणि मर्यादा

मराठीत ‘विवेक’ या शब्दाने सारासारविचार सूचित होतो. विवेकनिष्ठ निवडीच्या सिद्धान्तात मात्र त्याचा अर्थ बराच मर्यादित आहे. व्यक्ती उपलब्ध पर्यायांचा सुसंगत पसंतिक्रम लावते आणि हाती असलेल्या साधनांनिशी त्यातील सर्वांत वरचा पर्याय स्वीकारते, एवढेच त्याचे मूळ गृहीत होय. व्यक्ती स्वार्थीच असते, असे त्यात अभिप्रेत नाही.

अर्थशास्त्रात रुजलेला हा विचार अँथनी डाउन्स यांनी १९५७ मध्ये लोकशाहीच्या अभ्यासास लावला. तेथेच एक कोडे उभे राहिले. लाखो मतदारांच्या निवडणुकीत एका मताने निकाल फिरण्याची शक्यता नगण्य असते. वेळ आणि श्रम मात्र निश्चितपणे खर्ची पडतात. तेव्हा केवळ स्वतःचा लाभ पाहणाऱ्या मतदाराने घरीच बसावयास हवे. प्रत्यक्षात भारतात २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ६४ कोटींहून अधिक नागरिकांनी मतदान केले.

विल्यम रायकर व पीटर ऑर्डशुक यांनी १९६८ मध्ये यावर तोड सुचविली. कर्तव्यपूर्तीचे समाधान लाभाच्या बाजूस मांडले की हिशेब जुळतो. परंतु कर्तव्यभावना मतदानाहून स्वतंत्रपणे मोजली नाही, तर हे स्पष्टीकरण पोकळ ठरते. ज्याने मत दिले त्याच्या ठायी ती होती, ज्याने दिले नाही त्याच्या ठायी नव्हती, असे म्हणणे म्हणजे घडलेल्या गोष्टीचीच पुनरुक्ती होय. अमर्त्य सेन यांनी १९७७ मध्ये दाखविल्याप्रमाणे, बांधिलकीतून केलेली कृती कर्त्याच्या स्वतःच्या हिताविरुद्धही जाऊ शकते. तिला ‘समाधान’ म्हणून जमेस धरल्याने हा भेदच पुसला जातो.

यावरून सिद्धान्त टाकाऊ ठरत नाही. लोक मुळात मत का देतात, या प्रश्नापुढे तो अडखळतो. परंतु मतदानकेंद्र दूर गेले किंवा नोंदणी किचकट झाली, तर मतदान कोणत्या दिशेने बदलेल, हे तो नेमकेपणाने सांगतो. पर्याय स्पष्ट असून खर्च बदलत असेल, तेथे त्याचे सामर्थ्य दिसते. पसंती मुळात कशी घडते, हे मात्र इतिहास, शिक्षण व समाजरचना यांच्या अभ्यासातूनच उलगडावे लागते.

म्हणून अभ्यासकाने कोणते निरीक्षण आपल्या विवेचनाच्या विरुद्ध जाईल, हे आधीच नमूद करावे. सर्वच वर्तन विवेकनिष्ठ ठरविणारा सिद्धान्त कोणत्याही वर्तनाचा उलगडा करीत नाही.