फिरत्या शाहिराचा प्रपंच

स्वतः गीत रचावे, स्वतः ते गावे आणि गावोगाव हिंडून त्यावर पोट भरावे, असा एक व्यवसाय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्याला आपण शाहिरी म्हणतो. शाहिरीच्या काव्यगुणांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. शाहिराचा प्रपंच कशावर चालतो, हा विचार मात्र आपण सहसा करीत नाही. कार्यक्रम संपला की आपण घरी जाऊन निजतो आणि शाहीर पुढच्या गावची वाट धरतो. त्या वाटेचा हिशेब येथे मांडावा, असे आम्ही योजिले आहे.

दोन माणसे डोळ्यांपुढे ठेवू. पहिले पठ्ठे बापूराव. मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्म १८६६ साली रेठरे हरणाक्ष येथे. घरचे कुलकर्णीपण आणि त्याबरोबरची प्रतिष्ठा सोडून ते तमाशात शिरले. लावण्या रचाव्या, फडावर उभे राहून त्या रंगवाव्या, हेच त्यांचे आयुष्य झाले. त्यांच्या लावण्या कितीतरी गळ्यांनी गाइल्या. पण १९४५ साली पुण्यात त्यांचा अंत झाला तो विपन्नावस्थेत. दुसरे वामनदादा कर्डक. १९२२ साली सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे त्यांचा जन्म झाला. मुंबईत त्यांनी पडेल ते काम केले. अक्षरओळखही मोठेपणीच झाली. १९४३ साली ते गीते रचू लागले, आणि डॉ. आंबेडकरांचा विचार गाण्यांतून सांगत त्यांनी खेडीपाडी पालथी घातली. ‘वाटचाल’ हा त्यांचा संग्रह निघाला १९७३ साली. तीस वर्षे लोकांचा कंठ हाच त्यांच्या गीतांचा ग्रंथ होता! २००४ साली ते वारले.

गाणी सर्वतोमुखी आणि प्रपंच मात्र ओढगस्तीचा, असे का व्हावे? व्यसन, अव्यवहारीपणा ही ठराविक उत्तरे आम्हांस पटत नाहीत. कारण या धंद्याच्या घडणीतच आहे.

प्रथम ऋतूचा विचार करा. मांडव उघड्यावर पडतो. म्हणून पावसाळ्याचे चार महिने काम नाही. दसऱ्यापासून वैशाखापर्यंत यात्रा, जत्रा, जयंत्या असतात. भीमगीते गाणाऱ्याचा खरा हंगाम १४ एप्रिलच्या आगेमागे असतो. तमाशाच्या फडांची गोष्ट हीच. पाडव्याच्या सुमारास नारायणगावी फडांच्या राहुट्या लागतात. गावकरी तेथे येऊन सुपारी ठरवितात, विसार देतात. म्हणजे आठ महिन्यांत मिळवावयाचे आणि बारा महिने खावयाचे.

आता एका रात्रीचा हिशेब पाहू. समजा, एका शाहिराला वीस हजार रुपये बिदागी ठरली. ढोलकीवाला, पेटीवाला आणि दोन झीलकरी यांना प्रत्येकी दोन हजार, म्हणजे आठ हजार गेले. गाडीभाडे व वाटेतील खाणेपिणे सहा हजार. शाहिराच्या हाती सहा हजार उरतात. हंगामात अशा चाळीस रात्री मिळाल्या तर दोन लक्ष चाळीस हजार होतात. बारा महिन्यांत वाटले तर महिना वीस हजार पडतात. यातच ढोलकीची शाई, पेटीची दुरुस्ती, घरभाडे, मुलांची शाळा. घसा आठ दिवस बसला, की तेवढ्या रात्री गेल्या. दुकानदार आजारी पडला तर मुलगा गल्ल्यावर बसतो. शाहिराच्या गळ्याला बदली माणूस नाही. त्याचे सारे भांडवल त्याच्या देहात आहे.

पण गाणे त्या देहाला बांधलेले नाही. लोकांनी उचलावे म्हणूनच ते रचलेले असते. ध्रुवपद आखूड असते, चाल कानाला ओळखीची असते. पुष्कळदा एखाद्या लोकप्रिय सिनेगीताच्या चालीवरच नवे शब्द बसविलेले असतात. दुसऱ्या कडव्यानंतर समोरची माणसे साथ देऊ लागली, तर गाणे जमले असे समजावे. मोठी गंमत अशी, की गाणे जितके चांगले जमले, तितके ते शाहिराच्या हातून लवकर सुटते. दुसऱ्या दिवशी ते दुसऱ्याच्या ओठांवर असते, आणि तो दुसरा ते पुढच्या गावी शाहिराच्या आधी पोहोचवितो.

यावर जुन्या लोकांनी एक उपाय काढला होता, तो म्हणजे नाममुद्रा. संतांनी अभंगाच्या शेवटी आपले नाव घातले, शाहिरांनी लावणीच्या शेवटी. बापूरावांनी ती रीत पाळली आणि वामनदादांच्या गीतांत अखेरीस ‘वामन’ येतो तोही याच रीतीने. आपण ती विनम्रतेची किंवा अलंकाराची गोष्ट समजतो. आमच्या मते ती मालकीची खूण आहे. गाणे कोठेही जावो, कर्त्याचे नाव त्याच्या पोटात बसून प्रवास करील, अशी ही योजना. पैसा येत नसे, पण नाव येई. आणि नावावर पुढची सुपारी येई.

पुढे कायदा आला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने गीतकाराचा हक्क मानला. हल्ली तो कर्त्याच्या निधनानंतर साठ वर्षे टिकतो. वामनदादांच्या गीतांवरील हक्क त्या हिशेबाने २०६४ अखेर चालेल. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक मोठी गोष्ट केली: ध्वनिमुद्रित गीत वापरले गेले, तर गीतकाराचा रॉयल्टीतील समान वाटा त्याला स्वतःलाही सोडून देता येत नाही. कायदा चांगलाच आहे. परंतु रॉयल्टी वाटावयाची तर गाणे कोणाचे हे कोठेतरी नोंदलेले हवे, आणि मांडवातल्या गाण्याची नोंद ठेवतो कोण? आज श्रोता मोबाइलवर गाणे टिपून घेतो आणि सकाळी ते जगभर जाते. त्या तुकड्यात शेवटचे कडवे, म्हणजे नेमकी नाममुद्राच, गळालेली असते. स्पॉटिफायसारख्या ठिकाणी रीतसर गाणे चढविले, तरी २०२४ पासून तेथील नियम असा, की मागील बारा महिन्यांत हजार वेळाही न ऐकल्या गेलेल्या ध्वनिमुद्रणाला काही मिळावयाचे नाही.

तेव्हा फिरत्या शाहिराची खरी मिळकत आजही मांडवातच आहे, आणि मांडव आपल्या हाती आहे. आपणांपैकी अनेक जण कोणत्या ना कोणत्या उत्सवाचे संयोजक असतात. शाल व श्रीफळ अवश्य द्यावे. पण शालीने गाडीभाडे भागत नाही. ठरलेली बिदागी त्याच रात्री, शाहीर गाडीत बसण्यापूर्वी, पुरती हातात पडावी. ‘पुढे पाठवून देऊ’ हे वाक्य आपल्याला सोपे वाटते. त्याला ते पुढच्या गावी डिझेल भरताना आठवते. दुसरे, कोणाचेही गीत गाइले जावो, आधी कर्त्याचे नाव सांगावे. आणि तिसरे, गाणे मोबाइलवर टिपावयाचेच असेल, तर शेवटच्या कडव्यापर्यंत टिपावे. शाहिराची सही तेथे असते.