केनेडी रोग आणि टेस्टोस्टेरॉनला लगाम

हा आजार पुरुषांना होतो, बहुधा तिशी-चाळिशीपासून. हात थरथरतात, जिना चढताना मांड्या साथ सोडतात, पुढे पाण्याचा घोटही घशात अडकतो. अमेरिकी डॉक्टर विल्यम केनेडी यांनी १९६८ मध्ये त्याचं वर्णन केलं. मूळ १९९१ मध्ये सापडलं. एक्स गुणसूत्रावरच्या एका जनुकात सीएजी ही अक्षरं नको तितक्या वेळा येतात. त्यातून बनणारं सदोष प्रथिन टेस्टोस्टेरॉन चिकटलं की पेशीच्या केंद्रकात जाऊन साचतं आणि स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी मरू लागतात. तोच दोष असलेल्या बायकांना म्हणूनच फारसा त्रास होत नाही.

मग टेस्टोस्टेरॉनच रोखलं तर? जपानमधल्या नागोयाच्या संशोधकांनी ल्युप्रोरेलिन हे टेस्टोस्टेरॉन घटवणारं, प्रोस्टेटच्या कर्करोगावरचं इंजेक्शन आधी उंदरांना दिलं. उंदीर सुधारले. पुढे १९९ रुग्णांवर ४८ आठवडे चाचणी झाली. काहींना औषध, काहींना औषधाविना इंजेक्शन. मोजमाप अगदी नेमकं होतं: बेरियम गिळायला द्यायचं आणि घशात किती उरतं ते क्ष-किरणांनी पाहायचं. २०१० मध्ये निकाल आला तेव्हा दोन्ही गटांत ठोस फरक नव्हता. आजाराला दहा वर्षं झाली नव्हती अशांना मात्र गुण दिसला. एवढ्यावर हुरळून जाऊ नये असं मला वाटतं. तरी लवकर सुरुवात करण्याकडे तो बोट दाखवतो. २०१७ मध्ये जपानने या रोगासाठी औषधाला मान्यता दिली. त्याने कामेच्छा मंदावते, हाडं ठिसूळ होतात. मूल हवं असलेल्या तरुण रुग्णाशी डॉक्टरांनी हे आधीच मोकळेपणाने बोलायला हवं.