नायलॉन तारांची गिटार मंचावर नेताना

नायलॉनच्या तारांवर चुंबकी पिकअप चालत नाही. खर्जाच्या तीन तारांवरचं वेटोळंही लोखंडाचं नसतं. आवाज उचलतो तो सॅडलखालचा पिएझो पिकअप. म्हणून दुकानात गिटार अ‍ॅम्पला जोडूनच ऐका. एकेक तार सारख्याच जोराने छेडा. एखादी दबली, तर बहुधा सॅडल खाली नीट टेकलेलं नाही. कारागीर ते बसवून देतो, पण सौद्याआधी कळलेलं बरं.

क्लासिकल गिटारच्या नटची रुंदी साधारण ५२ मिमी. स्टीलच्या तारांवर हात बसलेल्यांना यामाहा एनटीएक्स१ची ४८ मिमी सोपी जाते. पातळ बॉडी मॉनिटरसमोर कमी घुमते. बजेट बेताचं असेल तर नक्षीवर नको, गिटारमधल्या प्रीअ‍ॅम्पवर खर्च करा. वादन संपताच केबल काढा. खोचलेली राहिली की प्रीअ‍ॅम्पची बॅटरी उतरते.